कडांसकट

पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम माझं होतं. आमच्या खडकीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये (आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो), महिन्यातून एकदा प्रभुभोजन होतं. येशूने आपल्यासाठी जीव दिला, त्याची आठवण म्हणून प्रत्येकाला पावाचा एक तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस. तो पाव मी आदल्या संध्याकाळी कापायचे. तपकिरी कडा सगळ्या काढायच्या आणि आतल्या पांढऱ्या भागाचे सारखे तुकडे करायचे. प्रभूच्या मेजावर कड दिसता कामा नये, हा माझा नियम. मला तो कुणी घालून दिला नव्हता, पण नियम म्हणजे नियम. कडा मी घरी आणायचे आणि चहात बुडवून खायचे. एकट्या बाईचं तेवढ्यात भागतं.

कुणाचं फुकट खायचं नाही, हे माझ्या अंगात लहानपणापासून भिनलेलं. पाव कापला, ज्याच्यापाशी गुडघे टेकून भोजन घेतात त्या कठड्यावर अंथरायची पांढरी चादर धुतली, इस्त्री केली, की मगच मला पुढच्या बाकावर निवांत बसता यायचं. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. मुलगी तेजस्विनी कोथरूडला असते. तिचा फोन ‘जेवलीस का’पासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. देऊळ होतं म्हणून बरं चाललं होतं.

मग हाताला कंप सुटला. ईस्टरच्या भोजनाला कठड्यापाशी गुडघे टेकले आणि पेला ओठांशी नेताना सांडला. मीच धुतलेल्या चादरीवर हा एवढा जांभळा डाग. कुणी चकार शब्द काढला नाही. पुण्यात माणसं टोमणाही मारत नाहीत, तेव्हा आपली दशा खरंच वाईट झाली असं समजायचं.

पुढच्या महिन्यात नम्रताने पाव कापायला घेतला. ही आयटीत नोकरी करणारी, गोड बोलणारी मुलगी. “काकू, तुम्ही आता आराम करा ना,” म्हणाली. तो ‘आराम’ मला शिवीसारखा लागला.

तेव्हापासून मी देवळात गेले नाही. रविवारी घंटा व्हायची, मी खिडकी लावून टीव्ही मोठा करायचे, तरी ती ऐकू यायचीच. वाटायचं, कुणीतरी येईल आणि सांगेल, काकूंवाचून पाव नीट कापला जात नाही. कुणी आलं नाही. फोनवर चौकशी व्हायची, मी “बरी आहे” म्हणून ठेवून द्यायचे. माझ्यावाचून तिथे काहीच अडलं नव्हतं. एकटी मी आधीही होते, आता बिनकामाची एकटी झाले. प्रार्थनेला बसले तरी शब्द फुटेना. कुठल्या तोंडाने मागायचं?

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दुपारी दार वाजलं. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, समाधान साळवे उभे होते आणि मागे नम्रता, हातात डबा घेऊन.

“सलाम, काकू,” पाळक आमच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाले.

“सलाम. येताना कळवावं माणसानं. घरात काही नाही. बसा, चहा टाकते.”

“चहा राहू द्या. आम्ही खायला नाही आलो, वाढायला आलोय.”

नम्रताने स्टुलावर रुमाल अंथरला, द्राक्षरसाचा पेला ठेवला आणि डबा उघडला. मी आतले पावाचे तुकडे पाहिले आणि माझं डोकंच फिरलं.

“हे काय? कडा कुठे काढल्यास?”

“काढायच्या असतात?” ती गोरीमोरी झाली. “सॉरी काकू, मला कुणी सांगितलंच नाही.”

“म्हणजे इतके महिने कडांसकट? आणि कुणी काही म्हणालं नाही?”

“सगळ्यांनी खाल्ला,” पाळक म्हणाले.

मी जागची उठले. “मला नको. माझ्या हातून सांडतं. आणि मी आता देवळाचं काहीएक करत नाही. ती चादर तरी पाठवून द्या, कशीबशी धुऊन देते. मग घेईन.”

“काकू, तुम्ही पाव कापत होता म्हणून प्रभू तुम्हाला जेवायला बोलवत होता का?”

खरं सांगायचं तर मला तसंच वाटत आलं होतं.

“त्याच्या शेजारी क्रुसावर टांगलेला चोर,” पाळक म्हणाले, “त्यानं कुठली चादर धुतली होती? तरी प्रभूनं त्याला स्वर्गात नेलंच ना?”

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण तो चोर मला नेहमी दुसरा कुणीतरी वाटायचा. मी खाली बसले. पाळकांनी प्रार्थना केली आणि एक तुकडा उचलला. माझे हात मांडीवर थरथरत होते.

“हात राहू द्या. तोंड उघडा.”

सत्तरी उलटलेल्या बाईला भरवायचं! आई गेल्यापासून मला कुणी भरवलं नव्हतं. आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग दोन्हींचा कंटाळा आला. मी तोंड उघडलं. दाताखाली कड आली. तीच चिवट, जराशी करपट कड, जी मी इतकी वर्षं घरी एकटीने खात होते.

पेला नम्रताने धरला. तरी रस हनुवटीवरून ओघळलाच. तिने तो आपल्या पांढऱ्या ओढणीने टिपला.

“अगं, डाग पडेल!”

“पडू दे, काकू.”

तेव्हा मला जे रडू फुटलं, ते आवरेना. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि काही मागितलंही नव्हतं कुणी. तरी माझा तुकडा माझ्या घरापर्यंत आला होता.

निघताना चपला घालता घालता नम्रताने हळूच विचारलं, “काकू, पुढच्या वेळी कडा काढू?”

“नको,” मी म्हणाले. “असू देत. आणि रविवारी मला न्यायला ये. मी काही करणार नाही हं. नुसती येऊन बसेन.”