जास्तीचा दोरा

माझ्याकडे बघून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी, एका कडेने वितळलेली बिनतारी पेटी आहे. डोंगरावरच्या जंगलात आम्ही बऱ्याच बहिणी झाडांना बांधलेल्या होतो. मध्ये तार नाही की मनोरा नाही. एकीने ऐकलेला निरोप दुसरीने उचलायचा, तिने तिसरीला द्यायचा, असा तो पायथ्याच्या चौकीपर्यंत पोचायचा.

आम्हाला घडवलं एका शिंप्याच्या लेकीने. आम्ही तिला ताई म्हणायचो. तिचा थोरला भाऊ, दादा, त्याच जंगलात वणव्याचा पहारेकरी. आमच्या बॅटऱ्या पाठीवर घेऊन तोच चढायचा, आणि गुडघा तर त्याचा कायमचा रुसलेला!

ताईला ते बघवेना. तिने वडिलांच्या डब्यातली बटणं जमिनीवर मांडली. एक बटण म्हणजे एक पेटी. ज्या पेट्यांना एकमेकींचं ऐकू येतं, त्यांच्यात एक दोरा. मग बसली कात्री घेऊन. दोरे फिरून पुन्हा त्याच बटणाशी आले, की त्या वेढ्यातला सगळ्यात लांब दोरा कचकन कापायचा; मग त्या दोन पेट्यांनी एकमेकींशी बोलायचं नाही. शेवटी एकही वेढा उरला नाही, तरी बटण एकही सुटं पडलं नाही.

"अगं, एखादा जास्तीचा राहू दे की," दादा म्हणाला.

"कशाला? जितकी बडबड जास्त, तितक्या बॅटऱ्या जास्त. तुझ्याच गुडघ्यासाठी चाललंय हे सगळं!"

"बरं बाई, तू शहाणी," म्हणून तो हसला.

आणि खरंच, त्याच्या खेपा निम्म्यावर आल्या. मोठमोठ्या लोकांनी ताईची पाठ थोपटली. आम्हीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू!

मग एका उन्हाळ्यात वणवा पेटला. माझ्या खालची बहीण जळून गेली. दादा वरच्या कड्यावर अडकला होता, धुरात त्याला उतरायची वाट दिसेना. मोकळी वाट कुठली ते चौकीतून ताईला दिसत होतं. ती घसा फुटेस्तोवर सांगत होती म्हणे, पण तिचा निरोप खालीच अडला. दादाचा आवाज माझ्यापर्यंत आला आणि माझ्यातच राहिला. ओढ्यापलीकडची बहीण मला चांगली ऐकू येत होती हो, तिची चौकीपर्यंतची वाटही शाबूत होती! पण आमच्यातला दोरा कापलेला. तिच्याशी बोलायची मला मुभाच नव्हती. मी आपली जळालेल्या बहिणीलाच हाका मारत राहिले. जीव नुसता तुटत होता.

दादा परत आला नाही.

आता ताई नवी जाळी विणते, तेव्हा प्रत्येक पेटीला दोन वेगळ्या वाटा ठेवते. लोक म्हणतात, फार बॅटऱ्या खातं हे. ती म्हणते, खाऊ दे.

मित्रांनो, काटकसर जरूर करा. पण आपल्या माणसापर्यंत जाणारी दुसरी वाट जास्तीची समजून कापू नका, एवढंच माझं मागणं आहे.

मी ताईच्या टेबलावर असते. कधीकधी ती मला चालू करते आणि माझ्यात अडकलेला दादाचा आवाज येतो, "छकुले, ऐकू येतंय का गं?"

"येतंय रे दादा," ती दर वेळी म्हणते. ते कुणाकडे द्यायचं, ते मात्र मला कळत नाही.