आईपुढे युक्तिवाद

एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलेल्या बाईला काही पटवायला जाऊ नये. तिनं सगळं ऐकलेलं असतं. टेबल आपटणारे वकील, गळा दाटून येणारे वकील, मुद्दा संपला तरी बसायचं नाव न घेणारे वकील, सगळे आईच्या वहीतून गेले होते. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. घरात कुणी "आई, जरा बोलायचंय" म्हटलं, की तिचा हात आधी पेन्सिलीकडे जायचा.

रविवारी सकाळी तर तिघं एकदमच आले. विषय तिच्या मोतीबिंदूचा. ऑपरेशन आणखी लांबवलं तर नजर परत येईलच असं सांगता येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आई वर्षभर टोलवाटोलवी करत होती. डोळ्याला सुरी लागणार याचीच तिला धास्ती होती. पण हे कबूल करील तर ती आई कसली!

"बोला," ती वही उघडत म्हणाली.

थोरला गणिताचा मास्तर. त्यानं तक्ता करून आणला होता. "आई, शंभरातली अठ्ठ्याण्णव ऑपरेशनं यशस्वी होतात."

"उरलेल्या दोघांना घेऊन ये," आई लिहिता लिहिता म्हणाली. "त्यांचीही साक्ष होऊ दे."

थोरल्यानं तक्त्याची घडी केली. मग जावई घसा खाकरून पुढे सरसावले. "आई, मी वीस वर्षं डॉक्टर आहे. माझ्या शब्दावर तरी विश्वास ठेवा."

"दातांचे ना?"

"डॉक्टर तो डॉक्टर."

"मग त्या डोळ्यांच्या बाईंकडून अक्कलदाढ काढून घ्याल?"

जावईबापूंनी चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

राहता राहिली धाकटी लेक. ती आईच्या पायाशी बसली आणि बोलता बोलता रडायलाच लागली. आईची पेन्सिल मात्र थांबली नाही.

"रडलीस छान," शेवटी आई म्हणाली. "फक्त घाई केलीस. आणि 'तू माझं कधीच ऐकलं नाहीस' याचा इथे काय संबंध?"

धाकटीचे डोळे जागच्या जागी सुकले. "मी असं म्हणालेच नाही! वाचून दाखव."

कोर्टात वाचा म्हटलं की वाचायचं, तिथे सबब चालत नाही. आईनं ऐटीत पान उलटलं, वही नाकाजवळ नेली, मग खिडकीकडे धरली. ओळीवर ओळ चढली होती. थोरल्याचे आकडे, जावयाची वीस वर्षं, लेकीचं रडणं, सगळ्याचा एकच करडा गुंता.

तिला सगळं तोंडपाठ होतं. वहीकडे बघत घडाघडा म्हणून दाखवलं असतं, तरी कुणाला पत्ता लागला नसता. तिनं तोंड उघडलंही. पण पानावर नसलेलं एकही अक्षर तिनं एकतीस वर्षांत कधी वाचलं नव्हतं.

"वाचता येत नाहीये," ती म्हणाली.

थोरल्यानं घडी केलेला तक्ता खिशात टाकला.

"मला भीती वाटते रे," आई म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "तिथे आत एकटीला नेतात."

धाकटीनं तिचा हात घट्ट धरला. "मी येते आत."

"तुला कोण सोडणार?" आईनं डोळे पुसले आणि अंदाजानंच जावयाकडे तोंड केलं. "जावईबापू, दातांच्या डॉक्टरला आत सोडतील का हो?"

"विचारतो, आई. बहुतेक सोडतील."

"मग उद्याचीच वेळ घ्या. आणि तिथे माझ्याशी बोलत राहा, काहीही बोला. फक्त मला काही पटवायला जाऊ नका."