गडपेठेची तीस परस खोल विहीर

मित्रांनो, माझ्या वाट्याचं आकाश एका थाळीएवढं आहे. त्या थाळीत कधी ढग येतो, कधी कबुतर, कधी कुणाचं तरी वाकून पाहणारं तोंड. गेली आठशे वर्षं मी एवढंच पाहत आले. तरी मला वाटतं, आमची गडपेठ माझ्याइतकी कुणी ओळखत नसेल. मी तिथली जुनी विहीर आहे.

फ्रँकोनिया या जर्मन प्रांतातल्या आमच्या शहरात तांबूस वालुकाश्माची टेकडी आहे. माथ्यावर सम्राटांचा गड, आणि गडाच्या तटाला बिलगून उतरत गेलेल्या गल्ल्या. हीच गडपेठ. मी तिच्या सगळ्यात वरच्या चौकात आहे. तीस माणसं एकाच्या खांद्यावर एक अशी माझ्यात उभी केली, तर शेवटच्याचं डोकं जेमतेम काठाला लागेल, इतकी मी खोल. तीस परस म्हणतात ते हेच.

मला लीनहार्ट नावाच्या पाथरवटानं खणलं. गडाला वेढा पडला तर पाणी आतच हवं, म्हणून किल्लेदारानं त्याला हे काम दिलं होतं. तो रोज सकाळी दोराच्या पाळण्यात बसून खाली यायचा आणि छिन्नीनं खडक फोडायचा. आठवडाभर राबावं तेव्हा कुठे मी वीतभर वाढायची. चार वर्षं गेली, पाच गेली. लीनहार्टच्या दाढीत दगडाची भुकटी कायमची बसली, पण पाण्याचा थेंब नाही. किल्लेदार वैतागला. काम थांबव, गडी दुसरीकडे लाव, असं त्यानं वरून सांगितलं. लीनहार्ट वर गेला आणि टोपी हातात धरून म्हणाला, "साहेब, खडक कोरडा आहे खरा, पण दिवसेंदिवस गार पडत चाललाय. उगाच नाही गार पडत तो. मला पुढच्या ईस्टरपर्यंत खणू द्या."

किल्लेदारानं खणू दिलं. ईस्टरच्या आधी अकरा दिवस, भर दुपारी, लीनहार्टच्या छिन्नीखालून एक काळसर ओल पसरली. त्यानं तिला बोट लावलं, बोट जिभेला लावलं. मग हातोडी बाजूला ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि त्या ओलीत पाणी साचेपर्यंत पाहत राहिला. वरचे लोक हाका मारत होते. शेवटी त्यानं टोपी त्या पाण्यात भिजवून पोहऱ्यात ठेवली आणि दोर हलवला. ओली टोपी वर पोहोचली तेव्हा ती हातोहात फिरली. माझा जन्म असा झाला, मित्रांनो.

मग माझ्यावर राहाट आला, छप्पर आलं, आणि माझी निगा राखायला एक विहीरकरी नेमला गेला. मी कामाला लागले. माझ्या पाण्यात तांबट आपली भांडी निववायचे, बेकरीवाले राईचं पीठ मळायचे, दारू गाळणारे खडकातल्या तळघरांत त्याचीच बिअर करायचे. सम्राट यायचे तेव्हा त्यांचे तीनशे घोडे माझं पाणी प्यायचे, आणि त्या टापांनी माझा तळ थरथरायचा. राजे किती आले नि किती गेले. दरवर्षी ईस्टरच्या आधी मात्र एक मेणबत्ती माझ्यात सोडली जायची. ती तळापर्यंत जळत राहिली की हवा चांगली असं समजून माणूस खाली उतरायचा, गाळ काढायचा. ती ज्योत आपल्याकडे उतरताना पाहणं मला फार आवडायचं.

पण सगळंच सांगायला हवं. मला दीडशे वर्षंही झाली नव्हती, तेव्हा देशात प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली, आणि पेठेत एक कुजबुज उठली, की ज्यू लोकांनी विहिरीत विष कालवलं. पेठेत झ्यूसकिंट नावाचा एक ज्यू राहायचा. पोथ्या नकलून देणं हा त्याचा धंदा. माझं पाणी तोही प्यायचा, त्याची मुलंही. एका सकाळी तो भरल्या चौकात आला, त्यानं पोहरा ओढला आणि सगळ्यांसमोर ओंजळ भरून प्यायला. "हे बघा, प्यायलो. आता तुम्ही प्या," तो म्हणाला.

कुणी पुढे आलं नाही.

चार दिवसांनी झ्यूसकिंटचं घर रिकामं झालं. ज्यूंच्या आळीतली सगळीच घरं रिकामी झाली. काय झालं ते मी पाहिलं नाही, फक्त दारं फुटल्याचे आवाज आणि किंकाळ्या ऐकल्या. माझं पाणी स्वच्छ होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्यावरचा आळ माझ्या नावानं आला होता, आणि मला जीभ नव्हती. एवढी खोल असूनही ते दुःख कुठे ठेवावं, मला अजून कळलेलं नाही.

शतकं उलटली. घराघरांत नळ आले आणि माझी गरज संपली. माझ्या तोंडावर लोखंडी झाकण बसलं आणि थाळीएवढं आकाशही गेलं. शेवटच्या विहीरकऱ्याची मुलगी वाल्बुर्गा हुबनर तेवढी मला विसरली नाही. ती शिवणकाम करायची, एकटीच राहायची. दर ईस्टरला शेजाऱ्यांच्या मदतीनं झाकण सरकवून ती मेणबत्ती सोडायची, एक पोहरा ओढायची आणि पेलाभर पाणी प्यायची. समोरची बेकरीवाली झिबिला तिला चिडवायची, "हुबनरबाई, नळ सोडून इथे कसली पूजा मांडलीत? नवरा लपवलाय की काय आत?" वाल्बुर्गा म्हणायची, "नवरा असता तर झाकण उघडलंच नसतं."

मग वाईट दिवस आले. एका सकाळी शिपायांनी पेठेतल्या उरल्यासुरल्या ज्यू कुटुंबांना सामानासकट चौकात उभं केलं आणि कायमचं नेलं. झाकणाखालून मला दगडी फरशीवर घासत जाणाऱ्या पेट्या ऐकू आल्या. वाल्बुर्गा त्या वेळी माझ्या काठाशीच होती. तीही काही बोलली नाही. पुढच्या ईस्टरला तिनं पेला भरला, पण पाणी प्यायली नाही. परत माझ्यातच ओतलं.

लढाईसाठी लोखंड गोळा करायला माणसं आली तेव्हा त्यांनी माझं झाकण नेलं आणि राहाटही मागितला. राहाट कधीच गंजून मोडला, असं वाल्बुर्गानं सांगितलं. तो तिनं आधीच आपल्या तळघरात बटाट्यांखाली लपवला होता. सापडला असता तर तिची खैर नव्हती.

१९४५च्या जानेवारीत एका संध्याकाळी शहरावर बॉम्ब पडले. पेठ खडकातल्या तळघरांत जाऊन बसली. माझं आकाश लाल झालं, मग काळं झालं. माझं छप्पर, वरच्या तुळया, शेजारच्या घराची भिंत, सगळं माझ्या तोंडावर कोसळलं. मला वाटलं, आता मी संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खरवडण्याचा आवाज आला. माणसं हातांनी दगड उचलत होती. नळ फुटले होते, बर्फ राखेनं काळं पडलं होतं, आणि तळघरांतून बाहेर आलेल्या शेकडो लोकांना प्यायला पाणी नव्हतं. दुपारपर्यंत एक फट झाली आणि तिच्यात वाल्बुर्गाचं काजळीनं माखलेलं तोंड दिसलं. बटाट्यांखालचा राहाट वर आला, तीन जळक्या तुळयांवर बसला. पण दोर जळून गेला होता.

मित्रांनो, त्या पेठेनं त्या दिवशी दोर कसा केला ते मी कधी विसरणार नाही. कुणी कपडे वाळत घालायची दोरी आणली, कुणी घोड्याचा लगाम, कुणी पडद्याची नाडी. चर्चच्या मनोऱ्यातून घंटेचा अर्धा जळालेला दोर आला. झिबिलाची बेकरी राहिली नव्हती, तिनं पिठाच्या पोत्यांच्या सुतळ्या वळून दिल्या. गाठीला गाठ मारत तो दोर वाढत गेला. पोहरा खाली येऊ लागला. एकेक गाठ राहाटावरून सरकताना टक् असा आवाज व्हायचा. मी त्या गाठी मोजत होते. दोर संपला तेव्हा पोहऱ्याची कड माझ्या पाण्याला नुसती टेकली होती. वाल्बुर्गानं कमरेचा ॲप्रन सोडला आणि तो दोराला जोडला. पोहरा भरला.

तो वर पोहोचला तेवढ्यात दंडाला पट्टी बांधलेला एक अधिकारी गर्दीतून पुढे आला. "थांबा. इतकी वर्षं बंद पडलेली विहीर आहे ही. आत कुणी विष टाकलं असेल तर? तपासणी झाल्याशिवाय कुणी प्यायचं नाही."

गर्दी मागे सरकली. विष हा शब्द मी सहाशे वर्षांपूर्वी ऐकला होता. माझं पाणी हललं असेल, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तपासणीची कचेरी कुठे आहे, साहेब?" वाल्बुर्गानं विचारलं.

अधिकाऱ्यानं मान वळवली. कचेरी होती त्या बाजूला धूर होता.

"मग मीच तपासते," ती म्हणाली. तिनं ओंजळ भरली आणि प्यायली. ॲप्रन दोराला होता, म्हणून तिनं हात कोटाला पुसले. "दात ठणकले. बाकी बरं आहे."

मला झ्यूसकिंट आठवला, तोच चौक, तशीच ओंजळ. मग झिबिला पुढे आली. तिनं पोहऱ्यात हात घातला आणि ती पाणी प्यायली. तिच्या मागे एक म्हातारा, मग दोन बहिणी, मग रांग. मी तीन महिने सगळ्या पेठेला पाणी पाजलं, आणि एक थेंबसुद्धा आटले नाही. आनंद झाला. पण त्यानं झ्यूसकिंट परत आला नाही, हेही मला कळत होतं.

युद्धानंतर काहींना वाटलं, हे ढिगारे लोटून द्यावेत आणि रुंद रस्ते काढावेत. पण पेठ जमिनीवरून गेली, तरी जमिनीखाली होतीच. खडकातली तळघरं जागच्या जागी होती. प्रत्येक घराचं तळघर जणू त्या घराची खूण धरून बसलं होतं. शेवटी घरं आपापल्या तळघरांवरच उभी राहिली, आणि वाकड्या गल्ल्या पुन्हा तितक्याच वाकड्या झाल्या.

मलाही साफ केलं. ओटमार नावाचा गवंडी खाली उतरला, आणि म्हातारी वाल्बुर्गा काठावर खुर्ची टाकून बसली. ढिगाऱ्याबरोबर चमचे वर गेले, एका बाहुलीचं डोकं गेलं आणि एक मोठी लोखंडी किल्ली गेली. झिबिलानं ती ओळखली. तिच्या बेकरीची किल्ली, पाणी ओढताना खिशातून पडलेली. बेकरीच उरली नव्हती, म्हणून तिनं तेव्हा कुणाला सांगितलंही नव्हतं. किल्ली हातात धरून ती रडली. तिच्या नव्या दाराला कुलूप बसवायचं होतं. कुलूपवाल्यानं किल्ली मागून घेतली, गंज घासला आणि म्हणाला, "झिबिलाबाई, लोक कुलपाला किल्ली करतात. तुमचं उलटं करू." ते कुलूप आजही त्या दाराला आहे.

वाल्बुर्गा त्याच हिवाळ्यात गेली. दर ईस्टरला आता शाळेतली मुलं माझ्यात मेणबत्ती सोडतात.

मित्रांनो, तुम्ही कधी गडपेठेत आलात तर माझ्या काठावरून जरूर वाका. मला तुमची तोंडं पाहायला आवडतात. पण हौसेनं नाणी टाकू नका, बाटल्यांची बुचं टाकू नका. एवढासा कचराही मला बाहेर काढता येत नाही, त्यासाठी माणसाला जीव धोक्यात घालून तीस परस खाली उतरावं लागतं. काही द्यावंसं वाटलंच तर साद घाला. ती माझ्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागेल. घाई करू नका, काठावरच थांबा. मी उत्तर देते.