किडक्यांची पाटी

अमावास्या चार दिवसांवर आली आणि द्वारकाबाईचा पाय घरात ठरेना. चुलीपुढं बसली की दूध उतू जायचं, मळ्यात गेली की खुरपं हातात घेऊन नुसतीच बांधावर उभी राहायची. कारण एकच होतं. अमावास्येला तिची भाची कौशी हिला डागायचं ठरलं होतं.

कौशी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, रामहरीची, आठ वर्षांची लेक. वडगाव निंबाळकरात कालव्याखाली रामहरीचा वांग्या-मिरचीचा मळा. घरात तो, बायको धोंडाबाई, ही लेक आणि नवरा वारल्यावर माहेरी परतलेली द्वारकाबाई. पोर पहिल्यापासून निराळी. कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. "जेवलीस का?" म्हटलं की "जेवलीस का?" एवढंच परत ऐकवायची. त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. बोलून बोलून कान किटवणारी माणसं गावात काय कमी होती? पण दोन वर्षांमागं तिला झटके सुरू झाले. कान दाबायची, मनगट चावायची, किंचाळत मातीत लोळायची. आणि तेही कुठं, तर मारुतीच्या देवळाच्या पायरीवर, सुप्याला एका लग्नात, बारामतीच्या बाजारात. घरात मात्र शहाण्यासारखी. मग गावानं निकाल दिला, की पोर देवाच्या दारात ओरडते, म्हणजे आतलं भूत देवाला भितं. गावाला निकाल द्यायला कितीसा वेळ लागतो?

मागल्या साली इंदापूरकडच्या एका भगतानं तिच्या पोटावर तापल्या पळीनं तीन डाग दिले. त्यात पू झाला, पोर महिनाभर उताणी झोपली, आणि झटके होते तिथंच राहिले. आता भगत म्हणे, भूत चिवट आहे, डाग कानशिलावर द्यायला पाहिजेत. शनिवारी देवळाच्या पायरीवर कौशीनं पुन्हा आकांत केला, तेव्हा रामहरीनं शेजारच्या भीमाला बुधवारची गाडी सांगून टाकली.

"आरं, कानशिलावर?" द्वारकाबाई म्हणाली. "डोळा जाईल पोरीचा!"

"मग मी काय करू, आक्का? तूच सांग. हिला काय हुतंय, कुनाला ठावं हाय?"

हाच सवाल तिलाही डसत होता. रामहरी काही कसाई नव्हता. नाकासमोर चालणारा, जरा ऐटबाज, पण लेकीसाठी जीव टाकणारा माणूस. त्याला काहीतरी करायचं होतं आणि गावाला माहीत असलेलं काहीतरी म्हणजे डाग. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला, असं द्वारकाबाई त्याला तोंडावर म्हणालीसुद्धा. पण रेडा कोणता, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी वांगी निवडायचं काम निघालं. ह्या कामात कौशीचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. दोन पाट्या घेऊन बसायची, एक चांगल्यांची, एक किडक्यांची. वांग्यावर नुसतं बोट फिरवायची आणि आत अळी असली तर बरोबर ओळखायची. तिची पाटी बाजारात कुणी उलटी करून बघत नसे, इतका तिच्यावर भरवसा. हे भूत वांगी मात्र छान निवडायचं, पण ते भगताला कोण सांगणार?

तेवढ्यात धोंडाबाई मिरचीवरची पाखरं हाकायला पत्र्याचा डबा बडवू लागली. कौशीनं कान दाबले. मग उठली, आईच्या हातातली काठी ओढून घेतली, येऊन किडक्यांच्या पाटीत टाकली आणि पुन्हा वांगी निवडायला लागली.

द्वारकाबाईच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. ह्या पोरीला "मला हे सोसत नाही" असं म्हणता येत नव्हतं, पण पाटीत टाकता येत होतं. आठ वर्षं सगळी तिला तोंडानं विचारत होती. तिच्या हाताला कुणी विचारलंच नव्हतं.

झालं, द्वारकाबाई कामाला लागली. गुरवाला गूळ देऊन तिनं देवळातली हातघंटा मागून आणली. गुलाल आणला, भंडारा आणला, उदबत्ती, नारळ, झांज. एकेक वस्तू कौशीच्या हातात द्यायची, वाजवून हुंगवून दाखवायची आणि दोन्ही पाट्या पुढं सरकवायची. धोंडाबाई घाबरलीच. "वन्सं, देवाच्या वस्तू किडक्या वांग्यांत जायच्या! घरावर काय तरी यील!" पण उदबत्ती सोडली तर कौशीनं सगळं चांगल्यांच्या पाटीत ठेवलं. घंटा तर परत काढून दोनदा गालाला लावली.

म्हणजे देव नव्हे, आणि उदबत्ती तर घरात रोजच लागायची. मग गर्दी असेल? सोमवारी द्वारकाबाई तिला कालव्याच्या धुण्यावर घेऊन गेली. वीस बायका, वीस धोपटणी, चाळीस तोंडं. कौशी पाण्यात बोटं बुडवून निवांत बसली. द्वारकाबाईला हायसं वाटायच्या ऐवजी धाकधूक वाढली, कारण हातातला एक दिवस गेला होता.

मंगळवारी ती एकटीच पोरीला घेऊन मारुतीला गेली. कौशी तरातरा पायऱ्या चढली आणि घंटा सात वेळा वाजवून खाली आली. द्वारकाबाई धावत घरी आली आणि भावाला सांगू लागली.

रामहरी ऐकून काळवंडला. "तुझ्यासंगं गेली तर गप, माझ्यासंगं गेली की वरडती. मंजी भूत माझ्यावरच खार खाऊन हाय. आता तर नेलीच पायजे."

चांगलं करायला जावं आणि उलटंच गळ्यात यावं, तसं झालं.

बुधवारी ऊन वर आलं तशी भीमानं गाडी दारात उभी केली. कौशी ओट्यावर दोन पाट्या घेऊन गुरुवारच्या बाजाराची वांगी निवडत बसली होती. द्वारकाबाई तिच्याजवळ बसली होती, पण बसली कसली, दर घटकेला उठत होती. पोरीला घेऊन पळून जावं, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं.

आणि रामहरी बाहेर आला. धुवट धोतर, डोक्याला पटका, पायांत वहाणा. त्या वहाणा त्यानं दोन वर्षांमागं नव्या साखर कारखान्याच्या सभांना जायला म्हणून मुद्दाम करवून घेतल्या होत्या. तळव्याच्या दोन थरांमध्ये चांभारानं बी घातलं होतं, त्यामुळं पाऊल टाकलं की कर्रर्र वाजायच्या. माणूस दिसायच्या आधी त्याची ऐट कळावी, ह्यासाठी लोक हौसेनं अशा वहाणा करवून घेत. मळ्यात त्या घालायच्या नाहीत, घरात त्या घालायच्या नाहीत. देऊळ, लग्न, बाजार, सभा, तेवढ्यापुरत्याच.

कर्रर्र, कर्रर्र. कौशीच्या हातातलं वांगं गळालं. तिनं कान दाबले, मनगट तोंडात घातलं.

"बघ, गाडी बघितली की सुरू झालं," रामहरी म्हणाला आणि तिला उचलायला पुढं झाला.

पण कौशीची पाठ गाडीकडं होती. द्वारकाबाईनं तिला धरलं नाही. तिनं किडक्यांची पाटी कौशीच्या पुढ्यात ओढली. "टाक गं बाय! काय किडकं हाय ते टाक!"

कौशी किंचाळत उठली, बापाच्या पायांवर पडली आणि एक वहाण ओढू लागली. रामहरी धडपडला. वहाण निघाली, मग दुसरीही निघाली. दोन्ही तिनं किडक्यांच्या पाटीत आपटल्या. मग श्वास सोडला, जागेवर जाऊन बसली आणि पडलेलं वांगं शोधायला लागली.

शेतातल्या मालात पायताण! रामहरीचा हात वर गेला. "लक्षुमीत पायताण टाकती?"

द्वारकाबाई मधे आली. "मार. पर आधी त्या घालून चार पावलं चाल. मग अनवानी चाल. मग मार, मी आडवी येनार न्हाय."

त्यानं रागारागानं वहाणा पायांत अडकवल्या. कर्रर्र, आणि कौशीनं मनगट तोंडात घातलं. त्यानं वहाणा काढल्या, पलीकडं गेला, परत आला, अगदी तिला खेटून उभा राहिला. कौशीनं वर बघितलंसुद्धा नाही. रामहरीनं हे तीनदा केलं. चौथ्यांदा वहाणेत पाय घालायला त्याचा पाय उचलला गेला नाही.

"रामहरीराव, निघायचं न्हवं?" भीमानं गाडीवरून विचारलं. "भगत वाट बघत बसंल."

"बैल सोड," रामहरी म्हणाला आणि मातीतच बसला.

द्वारकाबाईला वाटलं, हरल्याचा राग असेल, म्हणून ती हळूच म्हणाली, "आरं, वहाणाच त्या. साध्या घ्याव्यात. त्यात काय एवढं?"

"आक्का, मागल्या साली तू तितं न्हवतीस," तो म्हणाला. "भगताच्या अंगनात दोघांनी हिला धरली व्हती. पळी अजून इस्तवातच व्हती, आन् ही वरडाया लागली. भगत म्हनला, बघा, लागायच्या आधीच भूत भितंय, आनखी दोन डाग द्याया पायजेत." त्यानं पटका काढून तोंडावर धरला. "मला ते बघवंना. मी हिच्या उशाशी येरझारा घालत व्हतो, आक्का. ह्या वहाना घालूनच."