सात नंबरची बशी

"श्रीपत, सात नंबरला तीळ ठेव," शेडगे सर यादीवरची नजर न काढता म्हणाले.

श्रीपतने फळीवरची बरणी काढली, पण टेबलावर ठेवायला त्याचा हात होईना.

"सर, ही बरणी रानतिळाची हाय. मी मागंच बोललो व्हतो."

"आणि मीही मागेच सांगितलं होतं. बरणीवर काय लिहिलंय?"

बरणीवर 'तीळ' असं लिहिलं होतं आणि अक्षर श्रीपतचंच होतं. आता स्वतःच्या अक्षराला खोटं कसं पाडायचं? त्याने गुपचूप चार बोंडं आणि चिमूटभर बी काचेच्या बशीत काढलं, आणि पुढे सातचा आकडा ठेवला.

महाडच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत श्रीपत एकतीस वर्षं परिचर होता. परिचर म्हणजे काचा धुणारा, पंखा लावणारा, सरांचा डबा गरम करणारा. पण त्या खोलीतली निम्मी फळं आणि बिया त्याने पायी हिंडून आणलेल्या होत्या, कुठली आंबेनळीच्या उतारावरून, कुठली वीर स्टेशनच्या रुळाकडेने. दर मे महिन्यात तो प्रत्येक बरणीचं झाकण मेणाने बंद करायचा. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कधी कुणी शाब्बासही म्हटलं नव्हतं.

त्या मेणानेच पुढे लाज राखली. एकवीस सालच्या जुलैत सावित्री नदी गावात शिरली आणि प्रयोगशाळेत छतापर्यंत पाणी चढलं. बरण्या पाण्यावर तरंगल्या, पण आत एक थेंब गेला नाही. चिठ्ठ्या मात्र साऱ्या विरघळल्या. चिखल उपसून झाल्यावर शेडगे सर खुर्ची टाकून, नाकाला रुमाल लावून बसले आणि एकेका बरणीचं नाव सांगू लागले. श्रीपत लिहीत होता.

"तीळ," सर म्हणाले.

"सर, हा रानतीळ. पोलादपूरच्या अंगाला मीच तोडला व्हता."

"चार धारांचं बोंड, वर चोच. तीळच आहे. लिही."

"बोंडं सारखीच दिसतात, सर. बी बघा. शेतातला तीळ नखाखाली गुळगुळीत सटकतो. ह्यो खरखर करतो."

"श्रीपत, पीएचडी कुणाची आहे?" असं म्हणून सर हसले.

श्रीपतही हसला. अशा वेळी परिचराने हसायचंच असतं. आणि त्याने 'तीळ' लिहिलं. बरणी फळीवर गेली. चार वर्षं तिच्यामुळे कुणाचं काही अडलं नाही, म्हणून त्यालाही त्याचं फारसं काही वाटलं नाही.

पण आज गोष्ट निराळी होती. आज तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि परीक्षेला त्याची लेक दीक्षा बसलेली होती.

खरं तर त्याने आज कामावर असायलाच नको होतं. परीक्षेच्या कामावर असणाऱ्याला दरवर्षी एक कागद लिहून द्यावा लागतो, की माझं जवळचं कुणी या परीक्षेला बसलेलं नाही. श्रीपतने महिनाभर आधी सरांना स्वच्छ सांगितलं होतं, "सर, या खेपेला मला सोडा. पोरगी हाय माझी."

"तुला सोडलं तर मांडणार कोण? त्या नव्या चंदूला गोखरू आणि धोत्रा एकच," सर म्हणाले होते. "सही कर आणि गप्प बस. नंबर लिहिलेले असतात, नावं कोण बघतंय?"

त्याने सही केली. सर म्हणतात म्हटल्यावर आणखी काय करणार? पण कुठल्या बशीत काय येणार याबद्दल घरी मात्र त्याने तोंडाला कुलूप घातलं. दीक्षाने एका शब्दानेही विचारलं नाही, आणि त्यानेही एक शब्द सांगितला नाही. याचा त्याला मनातून अभिमान होता. पोरीला मुंबईला एमएस्सीला जायचं होतं. गेल्या वर्षी तिथे अर्ध्या मार्कावरून मुलांचे प्रवेश हुकले होते. ती शिकून यावी आणि याच खोलीत फळ्यापुढे उभी राहून तिने शिकवावं, एवढंच त्याचं मागणं होतं. हे तो कुणाजवळ बोलत नसे. लोक हसले असते.

म्हणून बशी मांडताना हात अडखळला खरा, पण नंतर सात नंबरचं त्याने फारसं मनावर घेतलं नाही. वर्गाला सरांनी हीच बरणी तीळ म्हणून दाखवली होती. पोरं तीळ लिहितील, सर बरोबर म्हणतील, कुणाचं काय जातंय?

बाहेरचे परीक्षक मुंबईहून आले. बारीक चणीचे, पांढऱ्या मिशांचे, फार न बोलणारे गृहस्थ. श्रीपतने पहिली घंटा दिली. दर दोन मिनिटांनी घंटा, की प्रत्येकाने पुढच्या बशीपुढे सरकायचं. सहा नंबरला गोखरूचं काटेरी फळ होतं, आठला विंचू नावाच्या झाडाचं दोन नांग्यांचं फळ. हा विंचू पूर्वी तिळाच्याच कुळात धरायचे, हल्ली त्याला वेगळं काढलंय. सरांच्या वहीत मात्र तो अजून जुन्याच घरी नांदत होता.

दीक्षा सातव्या बशीपुढे आली. तिने बोंड पाहिलं, लिहायला पेन टेकवलं आणि थांबली. मग एक बी उचलून तिने अंगठ्याच्या नखावर घेतलं आणि दुसऱ्या नखाने चोळलं.

श्रीपतने ते लांबूनच ओळखलं.

हे चोळणं त्याच्या आईचं होतं. तुळजाबाई पोलादपूरकडच्या गावांतून तिळाचं बियाणं निवडायला जायची. बियाण्यात रानतीळ राहिला तर पुढच्या साली शेत रानतिळाचं होतं, आणि हे दोन्ही दाणे सुपाने वेगळे होत नाहीत. त्याला नखच लागतं. लोक तिला लांबून बोलवायचे, अंगणाच्या कडेला बसवायचे, पाणी वरून ओतायचे आणि तिने निवडलेलं बियाणं मात्र घरात देवाजवळ ठेवायचे. तिने ते श्रीपतला शिकवलं. दीक्षा सहा-सात वर्षांची असताना श्रीपतने ते तिला शिकवलं, एका रविवारी, दारात बसून, खेळ म्हणून. तो विसरला होता. पोरगी विसरली नव्हती.

तिने लिहिलं. घंटा झाली आणि ती आठ नंबरपुढे सरकली.

पण परीक्षकांनी तिचं ते चोळणं पाहिलं होतं. ते उठून सातव्या बशीजवळ आले, त्यांनी खिशातलं भिंग काढलं आणि बराच वेळ वाकून पाहिलं.

"शेडगे, हा तीळ नक्की आहे का हो? बी खडबडीत दिसतंय. रानतीळ तर नव्हे?"

"तीळच आहे, सर. आमचा जुना नमुना आहे," शेडगे सर म्हणाले. मग आवाज मोठा करून म्हणाले, "आमच्या श्रीपतलाच विचारा की. यानेच आणलाय. एकतीस वर्षं आहे इथे, बियांच्या बाबतीत याचा शब्द म्हणजे शेवटचा."

एकतीस वर्षांत असं ते पहिल्यांदाच बोलले.

परीक्षक वळले. "बोला, काय आहे हे?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं, एखाद्या जाणकाराला विचारावं तसं. आजवर कुणी त्याला असं विचारलं नव्हतं.

श्रीपतने सरांकडे पाहिलं. सर हसत होते, पण डोळे हसत नव्हते. रानतीळ म्हणावं, तर प्रश्न निघणार. वर्गात चुकीचं कुणी शिकवलं, चिठ्ठी कुणी लिहिली, बशी कुणी मांडली, आणि ही एकच मुलगी बरोबर कशी? ही कुणाची कोण? सहीचा कागद टेबलावरच होता. पोरीची परीक्षाच रद्द झाली असती. दीक्षा हातभर अंतरावर पाठमोरी उभी होती. तिचं पेन थांबलेलं होतं.

"तीळच हाय, साहेब," श्रीपत म्हणाला. "शेतातला."

"बरं. तुम्ही म्हणताय तर तीळ," परीक्षक म्हणाले आणि भिंग खिशात टाकून खुर्चीवर जाऊन बसले.

घंटेची वेळ टळून गेली होती. शेडगे सरांनी खूण केली तेव्हा श्रीपतने घंटा दिली.

संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यालाच बांधायचा होता. नंबरावरून त्याने दीक्षाचा कागद ओळखला. अकरा उत्तरं बरोबर होती आणि सातवर लाल फुली होती. बाकीच्या पोरांनी सातला तीळ लिहिलं होतं, त्या सगळ्यांना दोन-दोन मार्क मिळाले होते. ज्यांनी बी हातातही घेतलं नव्हतं त्यांनासुद्धा मिळाले होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्याने सुतळी ओढून गाठ मारली.

"शाब्बास, श्रीपत," सर बॅग उचलता उचलता म्हणाले. "वेळ सांभाळलीस."

घरी तो आला तेव्हा दीक्षा दारात तांदूळ निवडत होती. आत नीला भाकऱ्या थापत होती. तिने आतूनच लेकीला विचारलं, "पेपर कसा गेला गो?"

"बरा गेला, आई."

श्रीपत पायरीवर बसला. मग त्यालाच राहवलं नाही.

"ऐकलंस तू?"

"ऐकलं."

"मग खोडायचं व्हतंस. कागद तुझ्या हातात व्हता. मी बोललो ते तुझ्यासाठीच बोललो. खरं बोललो असतो तर दोघंबी अडकलो असतो."

"मला ठाव हाय, बाबा."

"मग खोडलं का नाय?"

दीक्षाने ताटातला एक खडा उचलून बाहेर टाकला. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

"घरातलं एक माणूस खोटं बोललं तेवढं पुरे झालं," ती म्हणाली आणि तांदळाचं ताट घेऊन आत गेली.

नीलाने जेवायला हाक मारली. श्रीपत हात धुवायला मोरीवर गेला. अंगठ्याच्या नखात सकाळचं एक काळं बी अडकून राहिलेलं होतं. त्याने ते दुसऱ्या नखाने चोळून पाहिलं. ते खरखरीत होतं.