मागची शिट्टी

किटलीच्या तळाशी पांढरा थर साचला होता. एका बाजूला नखाएवढा जाड, दुसऱ्या बाजूला कागदाएवढा पातळ. म्हणजे ओटा किंचित तिरका होता आणि उरलेलं पाणी दर वेळी त्याच कोपऱ्यात आटत होतं. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे असल्या गोष्टी नजरेतून सुटत नाहीत.

"वहिनी, किटलीत काय हरवलंय? चहा टाका की," दीर मागून म्हणाले. "सगळे गाड्यांमधून उतरतायत."

मी चहा टाकला.

सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं हे मोठं घर आम्ही दर वर्षी घेतो. भिंतीभर सूचना लावलेल्या, प्रत्येक खोलीच्या दाराला पितळी आकडा, स्वयंपाकघरात शाळेत असतं तसं लांबलचक टेबल. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, शनिवारी दिवसभर डोंगरात चालायचं, रविवारी नाश्ता करून, भांडी घासून निघायचं. हा गट माझ्या नवऱ्याने जमवला होता. तो पुढे चालायचा आणि मी सगळ्यांच्या मागे. कोणी हरवू नये म्हणून त्याने एक पद्धत घालून दिली होती. वाट जिथे फुटते तिथे मागच्याने थांबायचं, सगळे बरोबर वाटेला लागले की एक लांब शिट्टी द्यायची. पुढच्याने दोन छोट्या शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं, मगच पुढे निघायचं.

तो गेल्यावर पुढची जागा दिरांनी घेतली. मागे कोण चालणार, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

जाऊबाई जिन्यापाशी किल्ल्या वाटत होत्या. माझ्या हातात किल्ली देताना म्हणाल्या, "तुम्हाला आमच्या शेजारची ठेवलीय. मध्ये दार आहे, ते मी उघडंच ठेवते. रात्री काही लागलं तर."

"मला काय लागणार?"

"लागत नाही हो काही. पण लागलं तर."

झोपण्याआधी मी ते दार लावून घेतलं. सकाळी उठले तेव्हा ते वीतभर उघडं होतं आणि माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.

आमच्या साहेबांनी मला दोनदा विचारलं होतं. बंदराच्या गावी नवी प्रयोगशाळा उघडतेय, तिची जबाबदारी घ्याल का? दोन्ही वेळा मी म्हटलं, घरी विचारून सांगते. गुरुवारी त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि म्हणाले, "बाई, सोमवारी सांगा. चौथ्यांदा नाही विचारणार. दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं लागेल." बाहेर निघेपर्यंत माझं ठरलं होतं. खरं तर पहिल्यांदा विचारलं तेव्हाच ठरलं होतं. फक्त ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

घरी म्हणजे वरच्या मजल्यावर, दीर आणि जाऊबाई. नवरा गेल्यापासून त्यांनी मला एक दिवस एकटीला जेवू दिलेलं नाही. माझ्या घराची एक किल्ली त्यांच्या जुडग्यात असते. मी उशिरापर्यंत वाचत बसले की वरून फोन येतो, "दिवा चालू दिसतोय, बरं आहे ना?" यात तक्रार करण्यासारखं काय आहे, हे मी कोणाला सांगू शकले नसते. इतक्या मायेने कोणी धरून ठेवलं असेल, तर हात सोडवून घेणारी बाईच कृतघ्न ठरते.

शनिवारी धुकं होतं. गटात एक नवी मुलगी आली होती, लोकांच्या आखडलेल्या पाठी-गुडघ्यांवर व्यायामाचे उपचार करणारी. ती चालता चालता रेंगाळून माझ्या बरोबरीला आली.

"तुम्ही पुढे कधीच चालत नाही?"

"माझी जागा मागेच आहे."

"कंटाळा नाही येत? नुसत्या सगळ्यांच्या पाठी बघायच्या."

"पाठींवरून माणूस बराच कळतो."

"मला सांगताय?" ती हसली. "माझा धंदाच तो आहे. तुमची मात्र कोणी बघतच नसेल."

मग कोणीतरी हाक मारली म्हणून ती पुढे पळाली.

मेंढ्यांच्या कुंपणापलीकडे वाट दोन बाजूंना फुटते. मी थांबले. सगळे उजवीकडे वळले, नव्या मुलीची लाल टोपी सगळ्यांत शेवटी धुक्यात शिरली. मी शिट्टी ओठांत धरली, पण वाजवली नाही. मी ते वाक्य मनात जुळवत होते. भावजी, मला तुमच्याशी बोलायचंय. नको. भावजी, रागावू नका. तेही नको, रागावतील असं गृहीत कशाला धरायचं?

तेवढ्यात पुढून दोन छोट्या शिट्ट्या आल्या. ठीक आहे, निघतोय.

मी काही विचारलंच नव्हतं.

मी कुंपणाच्या दगडांवर बसले. पावलांचे आवाज विरत गेले. आपण डावीकडची वाट धरली तर किती वेळाने कोणाच्या लक्षात येईल, असा विचार आला. मग आठवलं की माझी बॅग त्या घरात आहे, येताना दिरांच्या गाडीत बसून आले होते आणि घरी पोचल्यावरही माझं दार उघडायला त्यांची किल्ली आहेच. डावी वाट नुसती डोंगराच्या दुसऱ्या बाजूला जात होती. मी उठले आणि झपझप चालत त्यांना गाठलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी डबे उघडले तेव्हा मी विचारलं, "भावजी, मघाशी कुंपणापाशी माझी शिट्टी ऐकू आली?"

"आली की. तुमची शिट्टी मी झोपेतसुद्धा ओळखेन."

"मी वाजवलीच नव्हती."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि मोठ्याने हसले. "ऐका रे. वहिनी म्हणतायत त्यांनी शिट्टी वाजवलीच नाही."

"मग काय मेंढीने वाजवली?" गटातले दातांचे डॉक्टर म्हणाले.

"मेंढीचे दात तपासा डॉक्टर, शिट्टी वाजवण्याजोगे आहेत का."

सगळे हसले. मीही हसले. दीर खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांनी ती शिट्टी खरोखरच ऐकली होती. एखाद्या उपकरणाला नमुना न देताही ते रोजचाच आकडा दाखवू लागलं, तर आम्ही ते कामातून काढून टाकतो. माणसांचं तसं करता येत नाही.

जेवण झाल्यावर जाऊबाईंनी माझ्या गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला. "गार वारा आहे," त्या म्हणाल्या. मी मान स्थिर ठेवली.

रविवारी नाश्त्याला सगळे लांब टेबलाभोवती बसले. निघण्याआधी पुढच्या वर्षीच्या तारखा तिथेच ठरतात. दीर एकेकाला विचारतात, तो 'आहे' म्हणतो, आणि सगळ्यांचा होकार आला की ते तिथूनच घरमालकाला फोन लावतात. आजवर कोणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

"डॉक्टर?"

"आहे. दात असेपर्यंत आहे."

"आणि आमची नवी पाहुणी?"

"आहे," लाल टोपीवाली म्हणाली. "जमलं तर पुढे चालेन म्हणते."

"चाल की," दीर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "तू तर आहेसच, आणि वहिनींना काय विचारायचं, त्या असणारच. झालं तर मग." त्यांनी फोन हातात घेतला.

"मला विचारा," मी म्हटलं.

माझा आवाज फार मोठा नव्हता. तरी शेजारी पाव कापणाऱ्या बाईंची सुरी थांबली.

"बरं बाई, विचारतो," दीर हसत म्हणाले. "वहिनी, आहात ना?"

"नाही."

फोन त्यांच्या हातातच राहिला. जाऊबाई खुर्ची मागे सारून अर्धवट उठल्या. "काय झालं? बरं वाटत नाहीये का? मी म्हटलंच होतं काल, वारा लागणार."

"मला काही झालेलं नाही. तुम्ही बसा."

"मग नाही म्हणजे काय?" दिरांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिथे रस्ता आहे असं माहीत असतं तिथे भिंत लागावी, तसा तो चेहरा होता, आणि त्याच्याकडे बघून बोलणं मला सगळ्यांत कठीण गेलं.

"भावजी, मी बदली घेतेय. बंदराच्या गावी. एकटीच राहणार आहे तिथे, आणि उद्या सकाळी साहेबांना मी हो सांगणार आहे."