दोन तारांची साक्ष

पंपघरात नोकरीला लागली तेव्हा ती सगळ्यांत लहान होती, म्हणून तिचं नाव पडलं धाकटी. आता पन्नाशीला टेकली, केस पिकले, तरी नाव काही मोठं व्हायला तयार नाही. ते ठेवलं तिला काम शिकवणाऱ्या अप्पांनी. पाण्याच्या चार पंपांना कंट्रोल रूमशी बोलायला शिकवलं तेही अप्पांनीच. दोन तारा ओढल्या आणि त्यांवरून जाणाऱ्या संदेशांची भाषा स्वतः बसवली. तारांना हेडफोन जोडून ते तिला टकटक ऐकवत. "हा तीन नंबर. सकाळी जरा घसा बसलेला असतो त्याचा," म्हणत. सोल्डरिंगचा वास, हिरवं लोखंडी कपाट, थर्मासमधला अर्धा-अर्धा वाटून घेतलेला चहा. ते दिवस आठवले की धाकटीला आजही गलबलून येतं.

अप्पांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. आणि गेल्या आठवड्यात टाकी ओसंडून वाहिली. नव्या साहेबांनी हात झटकले. "जुनी यंत्रणा संदेश उशिरा पोचवते. ज्याने बनवली त्याची चूक. अहवालात तसं लिहा, पुराव्यासकट."

पुराव्याचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं. ऑफिसच्या नेटवर्कवरचे संदेश पकडून एकेक उलगडून दाखवणारा अ‍ॅनालायझर चालवणं तिच्या हातचा मळ. पण त्या बिचाऱ्याला अप्पांच्या तारा कुठून ठाऊक असणार? मात्र त्यात एक सोय होती. बाहेरचा एखादा प्रोग्रॅम लिहून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवला, की अ‍ॅनालायझर त्याची चौकशी करतो: तुझ्याकडे लाइनी कोणत्या? त्यांवर कोणत्या जातीचे संदेश येतात? उत्तरं पटली की म्हणतो, चल, ओत. मग प्रोग्रॅम एका नळीतून संदेश आत सोडत राहतो. धाकटीने तीन दिवस खपून असा प्रोग्रॅम लिहिला. यादीत ऑफिसच्या लाइनींखाली 'अप्पांची तार' असं उमटलं, तेव्हा ती खुर्चीतल्या खुर्चीत लहान मुलीसारखी हसली.

हसू फार टिकलं नाही. कुठल्या ना कुठल्या पंपाचा संदेश दर सेकंदाला एक यायला हवा. इथे पंधरा-पंधरा सेकंद सामसूम, आणि मग एकदम घोळका. साहेबांचंच खरं निघालं. तिने जड हाताने अहवालावर सही केली, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको म्हणून संध्याकाळी स्वतः अप्पांच्या घरी गेली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. वाद नाही, चिडणं नाही. "तू पाहिलंस ना? मग तसंच असणार," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने डोळे बारीक करून विचारलं, "पण माझी तार त्यात आणलीस कशी, ते सांग." ती सांगू लागली तसे अप्पा रंगले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे आधी विचारपूस, मग सोयरीक!" दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र एकदम थकलेले दिसले.

सकाळी राहवेना म्हणून धाकटीने तीच नोंद पुन्हा उघडली. एका घोळक्यावर तिची नजर अडली. सोळा संदेश, आणि सोळांवरही एकच वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तीच. त्या तारांवर एका वेळी एकच पंप बोलू शकतो. सोळा संदेश एकदम येणार कसे? घोळका तारेवर नव्हताच! तिचाच प्रोग्रॅम आलेले संदेश पिशवीत भरून ठेवत होता, पिशवी भरली की मगच उघडत होता, आणि वेळेचा शिक्का मारत होता तो उघडताना.

"अगं गाढवे!" ती मोठ्याने स्वतःलाच म्हणाली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. दुपारपर्यंत ती पडद्यासमोरून हलली नाही. सेकंदाला एक, सेकंदाला एक, एकही संदेश चुकला नाही. मग टाकीवर चढून पाहिलं, तर पातळी मोजणारा फ्लोट गंजून अडकलेला. पंपांच्या संदेशांतून कंट्रोल रूमला पातळी चुकीची कळत होती, पण वेळेवर कळत होती. तिने नवा अहवाल लिहिला, पहिल्या अहवालातली चूक आपली असल्याचं त्यात स्वच्छ नमूद केलं, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तडक अप्पांचं घर गाठलं.

टेबलावर जुन्या वह्यांचा पसारा पडला होता. "कालपासून जेवणाकडे लक्ष नाही यांचं," काकू म्हणाल्या. "चूक शोधताहेत."

अप्पांनी एक कागद पुढे केला. ऑफिसच्या नावे पत्र होतं. यंत्रणेतला दोष माझा, मला क्षमा असावी.

"अप्पा, फाडा ते! चूक तुमची नाही, माझी आहे," म्हणत तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. अप्पांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले.

"पाच वह्या उलथ्यापालथ्या केल्या गं. कुठेच काही सापडेना."

"मग पत्र लिहिलंत कशाला?"

"तू तपासलं होतंस ना," अप्पा म्हणाले. "तुझं चुकेल, हे माझ्या मनातच आलं नाही."

तिथेच, काकूंसमोर, धाकटी ढसाढसा रडली.